वाण्याची वही आणि अम्मीची वही

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षी आठवीच्या मुलींना एक साधा स्वाध्याय दिला होता: आपल्या घरच्या महिन्याच्या किराणा मालाची यादी तयार करा. हेतू एवढाच की डाळींची, मसाल्यांची मराठी नावं यावीत, किलो-ग्रॅम नीट लिहिता यावं. बहुतेकींनी तांदूळ १० किलो, गहू २० किलो, तूरडाळ २ किलो अशा याद्या आणल्या. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं: तेल १० रुपयांचं, चहाची पुडी ५ रुपयांची, साखर पाव किलो, मसूर पाव किलो. मी लाल शाईनं शेरा मारला, ‘महिन्याची यादी हवी’ आणि दहापैकी चार गुण दिले.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, “मॅडम, हमारे यहाँ महीने का आता नहीं. अब्बा को शाम को पैसे मिलते हैं.”

स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक उद्गार ऐकू आला, “या लोकांना नियोजनच जमत नाही.” मी गप्प बसले. गप्प बसले याचं वाईट वाटत राहिलं, कारण मीही त्याच ‘या लोकां’मधली आहे. माझ्या लहानपणी आमच्याही घरी महिन्याचा किराणा येत नसे.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. महिन्याचा किराणा महिन्याच्या पैशांत बसवणं याला आपण बाईचा गुण मानतो. बसला तर ती सुगरण, सलीकेवाली. नाही बसला तर तिचा हात सैल. पण ‘महिन्याचा किराणा’ ही गोष्ट आली कुठून? ती कुणाला जमली, कुणाला नाही आणि का? त्या शोधात मी जे वाचलं ते आज तुमच्यासमोर मांडते. सुरुवात आपल्याच एका पुस्तकापासून करू.

असगरीचा हिशेब

उर्दू शिकलेल्या बहुतेकांना ‘मिरातुल उरूस’ माहीत असतं. डेप्युटी नझीर अहमद यांनी ते आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहायला घेतलं आणि १८६९ मध्ये ते छापून आलं. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. सरकारनं त्याला एक हजार रुपयांचं बक्षीस दिलं होतं. दिल्लीच्या शरीफ घराण्यातल्या दोन बहिणी, अकबरी आणि असगरी. दोघी एकाच घरात दिल्या, दोन सख्ख्या भावांना. अकबरी फूहड, असगरी शहाणी. शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं होतं.

मोठेपणी पुन्हा वाचताना माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर गेलं. या पुस्तकाचा मोठा भाग किराण्याच्या हिशेबाबद्दल आहे. असगरीचे सासरे लाहोरला नोकरीला. ते पैसे पाठवतात, घर दिल्लीत चालतं. बाजारहाट सगळी मामा अज़मतच्या हाती. ही घरातली जुनी मोलकरीण. सौदा तीच आणते, दुकानदारांशी बोलते तीच, कुणाचं किती देणं आहे हेही तिलाच ठाऊक. घरच्या बायका पडद्यात, त्यामुळे बाजारभाव त्यांना कळण्याचा मार्ग तिच्या तोंडून. घरात पैसा येतो आणि तरी उधारी वाढत जाते.

असगरी नवी सून म्हणून आली आणि तिनं पाहायला सुरुवात केली. कोणती वस्तू किती आली, काय भावानं आली, बाजारात खरा भाव काय. भांडण न करता, घाई न करता. शेवटी सासरे आल्यावर देणेकऱ्यांचे हिशेब समोरासमोर जुळवले जातात आणि मामाची लबाडी उघडी पडते. घरात जेवढं आलं त्यापेक्षा जास्त घराच्या नावावर चढलं होतं.

एक बारीक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. असगरी येईपर्यंत त्या घराचा हिशेब लिहिलेला नव्हता असं नाही. तो दुकानदाराच्या वहीत होता. घरात मात्र एकही ओळ लिहिलेली नव्हती. ज्याची वही त्याचा शब्द खरा. असगरीनं केलं ते इतकंच की घराची स्वतःची वही सुरू झाली. ती तसं करू शकली कारण तिला लिहितावाचता येत होतं. नझीर अहमद यांना मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडायची होती आणि त्यांनी त्यासाठी कवितेचा किंवा धर्मचर्चेचा दाखला न घेता बाजाराचा हिशेब घेतला. मला ही त्यांची हुशारी वाटते. मुलगी शिकली तर काय होईल, असं विचारणाऱ्या बापाला उत्तर समोर दिसत होतं: तुमचा पैसा वाचेल.

पण या पुस्तकाची एक मर्यादाही आहे. लाहोरहून पैसे येत होते. थोडे असतील, पण येत होते आणि ठरलेले येत होते. अशा घरात गळती कुठे आहे हे शोधलं की प्रश्न सुटतो. म्हणून पुस्तक वाचणाऱ्याला वाटतं की तंगीचं मूळ नेहमी घरातच असतं: एक चोर मोलकरीण किंवा एक अकबरी. दीडशे वर्षं आपण याच चष्म्यातून घराघरांतल्या बायकांकडे पाहत आलो.

ज्या घरात चोर मोलकरीण नाही, अकबरीही नाही, आणि तरी महिना पुरत नाही, त्या घराचं काय? त्यासाठी दिल्लीची हवेली सोडून मुंबईच्या चाळीत यावं लागतं.

चाळीतली पाहणी

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत महागाई भडकली, गिरण्यांत संप झाले. मजुरांचा खर्च नेमका किती, हे सरकारलाच माहीत नव्हतं. १९२१ मध्ये मुंबई सरकारचं लेबर ऑफिस सुरू झालं आणि त्यानं १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबांचे आणि एकट्या राहणाऱ्या ६०३ कामगारांचे हिशेब गोळा झाले. जी. फिंडले शिरास यांचा हा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातले बहुतेक कामगार रत्नागिरी, सातारा अशा भागांतून आलेले. विणकाम खात्यांत मोमीन विणकरही होते, ज्यांचा मदनपुरा आजही मुंबईत आहे. म्हणजे हा इतिहास मराठी घरांचा जितका, तितकाच आपलाही आहे.

आकडे पाहा. कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चातला ५६.८ टक्के वाटा खाण्यावर, ७.४ टक्के सरपण आणि दिवाबत्तीवर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के घरभाड्यावर आणि उरलेला १८.५ टक्के इतर गोष्टींवर. उत्पन्नाच्या हिशेबानं खाण्याचे पावणेतीस रुपये होतात आणि भाड्याचे चार.

खाण्याचा वाटा इतका मोठा का, याचं उत्तर त्याआधीच दिलं गेलं होतं. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून एक नियम मांडला: कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. जिथे अन्नावर निम्म्याहून अधिक जातं, तिथे काटकसर करायला जागाच कमी असते. पंखा कमी चालवून वीज वाचवता येते, जुना सदरा आणखी एक ईद चालवता येतो; पण पोटाचं माप ठरलेलं असतं.

आणि ते पोट भरत होतं का? अहवालानं मजुरांच्या जेवणाची तुलना दोन सरकारी मापांशी केली. निष्कर्ष असा निघाला की कामगाराला मिळणारं धान्य दुष्काळी कामांच्या नियमावलीतल्या कमाल मापाइतकं होतं, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या आहारापेक्षा कमी होतं. सरकारनंच लिहिलेलं हे वाक्य पुढे अनेकांनी सरकारलाच ऐकवलं. दिवसभर गिरणीत राबणाऱ्या माणसाचं ताट कैद्याच्या ताटापेक्षा हलकं होतं. त्या घरातल्या बाईला ‘जरा जपून खर्च कर’ हे कोण सांगणार?

आता कर्जाकडे या. पाहणीतली ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती. व्याजाचा सर्वसाधारण दर रुपयामागे महिन्याला एक आणा. एक आणा ऐकायला लहान वाटतो, म्हणून गणित मांडून पाहू. शंभर रुपये कर्ज असेल तर महिन्याला शंभर आणे व्याज, म्हणजे ६ रुपये ४ आणे. वर्षाला ७५ रुपये. आणि खोलीचं भाडं होतं चार रुपयांच्या आसपास. म्हणजे शंभराचं कर्ज असलेलं घर दर महिन्याला भाड्याच्या दीडपट रक्कम फक्त व्याजात घालवत होतं आणि मुद्दल जसंच्या तसं उभं. आपल्याकडे सूदला मनाई का केली असावी हे मला कुठल्या तकरीरीपेक्षा या आकड्यानं जास्त नीट समजलं.

पगार कधी, यावर सगळं

एवढं कर्ज का व्हावं? लग्न, आजारपण ही कारणं होतीच. पण एक कारण असं होतं ज्याकडे फारसं लक्ष जात नाही. ते म्हणजे पगाराची तारीख.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याला होत असे आणि तोही पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या आसपास. गावाहून नवा आलेला माणूस एक तारखेला कामावर लागला, तर पहिला पैसा हातात पडायला दीड महिना. तोवर खायचं काय? नाक्यावरच्या वाण्याकडे जायचं, ओळखीचा जॉबर किंवा गाववाला जामीन राहायचा आणि खातं उघडायचं. एकदा खातं उघडलं की पगाराच्या दिवशी पैसे वाण्याला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उधार. मागच्या महिन्याचं देणं फेडता फेडता पुढचा महिना उधारीवर. नाव ‘महिन्याचा किराणा’, पण त्या महिन्याची सुरुवात नेहमी शून्याच्या खालून.

आणि उधारीवरच्या गिऱ्हाईकाला भाव विचारता येत नाही. रोखीचं गिऱ्हाईक दोन दुकानं फिरतं. खातं असलेल्याचं दुकान एकच. तो देईल तो माल, सांगेल तो भाव, मारेल ते माप. मामा अज़मतचा किस्सा इथे पुन्हा घडतो, फक्त इथे मोलकरीण नाही. हिशेब याही वेळी दुकानदाराच्याच वहीत आहे.

अहमदाबादच्या गिरण्यांत मात्र पगार ‘हप्त्या’नं, साधारण पंधरवड्यानं होत असे. १९२९ मध्ये सरकारनं जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या प्रश्नांवर रॉयल कमिशन नेमलं. आपले ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात या कमिशननं पगाराच्या लांबलेल्या तारखेचा आणि कर्जाचा संबंध जोडून दाखवला आणि कापड गिरण्यांसारख्या ठिकाणी सुमारे पंधरवड्यानं पगार द्यावा अशी शिफारस केली. १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा झाला. त्यात पगाराचा काळ जास्तीत जास्त एक महिन्याचा ठरला, पंधरवड्याची अट आली नाही. पण एक मोठी गोष्ट झाली. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहाव्या दिवसाच्या आत पगार दिलाच पाहिजे, असं बंधन आलं.

आज आपण ‘सात तारखेपर्यंत पगार होईल’ म्हणतो आणि यादी घेऊन बाजारात जातो. त्या सात तारखेमागे मजुरांच्या उधारीचा एवढा मोठा इतिहास आहे. घरात कुणी कितीही शहाणं असो, पैसा कधी येतो याच्यावर अर्धं बजेट अवलंबून असतं.

लाटणं घेऊन रस्त्यावर

तिसरा प्रश्न भावाचा. घरात गळती नाही, पगार वेळेवर आहे, तरी महिना पुरत नाही, कारण बाजारच वर गेला.

दुसऱ्या महायुद्धात हे मोठ्या प्रमाणात झालं. २ मे १९४३ ला मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि घरोघरी रेशनकार्ड आलं. माणशी ठरलेलं धान्य, ठरलेल्या भावात. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळानं लाखो माणसं मेली. रेशनच्या रांगेला आणि त्यातल्या खड्यांना आपण पुष्कळ नावं ठेवली, पण धान्याचा भाव ठरलेला असेल तर घरचा हिशेब जमतो हे त्या कार्डानं दाखवलं.

मग १९७२. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ. मागच्या पिढीला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी अजून आठवते. तेल, साखर, रॉकेल मिळेना. मिळालं तर परवडेना. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एका झेंड्याशिवाय एकत्र आल्या. हजारो गृहिणी लाटणी घेऊन, रिकाम्या थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. हे ‘लाटणं मोर्चे’ म्हणून आजही ओळखले जातात.

मला या मोर्चांमधली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तोपर्यंत महिना पुरला नाही की बाईनं ते मनात ठेवायचं, चहात दूध कमी करायचं, स्वतः कमी जेवायचं आणि नवऱ्याचं बोलणं ऐकून घ्यायचं. या बायकांनी स्वयंपाकघरातला हिशेब उघड्यावर आणला आणि विचारलं, आम्ही तेवढंच तेल वापरतोय, मग पैसे जास्त का लागतात?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा फार शास्त्रीय आहे. लेबर ऑफिस जो महागाईचा निर्देशांक काढू लागलं, त्याचं तत्त्व नेमकं हेच. कामगाराच्या टोपलीतल्या वस्तू आणि त्यांचं प्रमाण तेच ठेवायचं आणि फक्त भाव किती बदलला हे पाहायचं. त्याच जातीच्या निर्देशांकावर आज माझ्यासारख्या शिक्षकांचा महागाई भत्ता ठरतो. भत्ता वाढल्याची बातमी आली की स्टाफरूममध्ये पेढे येतात. तो भत्ता ज्या पद्धतीनं ठरतो, तिची सुरुवात आपल्याकडे चाळीतल्या बायकांनी सांगितलेल्या मीठ-मिरचीच्या हिशेबातून झाली, याची आठवण कुणाला नसते.

अम्मीची वही

आता घरची गोष्ट. मी मालेगावची. १८५७ नंतर उत्तरेतून दक्षिणेकडे आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती असलेलं हे गाव. अब्बा पॉवरलूमवर होते. जेवढे मीटर कापड निघेल तेवढे पैसे. पगार गुरुवारी, शुक्रवारी लूम बंद आणि बाजार. वीज गेली तर मीटर कमी, मीटर कमी तर पैसे कमी. महिना हा शब्द आमच्या घरात फक्त घरभाड्यापुरता होता.

अम्मी चौथी शिकलेली, उर्दूत. तिच्याकडे वेगळी वही नव्हती. माझ्या मागच्या वर्षीच्या मराठीच्या वह्यांत उरलेली पानं ती वापरायची. मराठी डावीकडून सुरू होते, उर्दू उजवीकडून. त्यामुळे एका बाजूनं माझं शुद्धलेखन आणि दुसऱ्या बाजूनं तिचा आटा, तेल, चायपत्ती. दर शुक्रवारी नमाजनंतर ती ही वही घेऊन किराणावाल्या चाचांकडे जायची. त्यांची लाल वही आणि तिची वही शेजारी शेजारी ठेवून ओळी जुळवल्या जायच्या. एकदा दोन रुपयांचा फरक आला. चाचा म्हणाले, “भाभी, दो रुपये की क्या बात है.” अम्मी म्हणाली, “बात दो रुपये की नहीं, लिखे की है.” शेवटी चूक तिचीच निघाली. साबणाची एक वडी मी आणली होती आणि तिला सांगायला विसरले होते. तिनं दोन रुपये दिले. पण त्यानंतर चाचा आमच्या घरचं काहीही लिहिण्याआधी तिला विचारायचे.

पैसे हातात आले की ती पहिल्यांदा आटा घ्यायची, मग तेल, मग डाळ. चहा-साखर सगळ्यात शेवटी. लूम चांगली चालली त्या आठवड्यात ती दोन आठवड्यांचा आटा भरून ठेवायची, कारण पुढच्या आठवड्यात वीज असेलच याची खात्री नसे. आणि दर शुक्रवारी थोडे पैसे वेगळ्या डब्यात पडायचे, ते रमजानसाठी. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. पगारवाल्या घरात तो कधी एक तारखेला येईल, कधी पंचवीसला. इफ्तारीचा, फळांचा, खजुराचा, ईदच्या शीरखुर्म्याचा खर्च ऐनवेळी कुठल्याच बजेटात बसत नाही. तो वर्षभर थोडा थोडा बाजूला काढावा लागतो. मोहल्ल्यातल्या बायकांची बीसीही त्यासाठीच चालायची.

तरीही दोन वेळा मी दादीच्या तोंडून ऐकलंय, “बहू का हाथ खुला है.” दोन्ही वेळा त्या महिन्यात वीजकपात जास्त झाली होती. पैसे कमी आले होते आणि बोल अम्मीला लागला होता. अम्मीनं उत्तर दिलं नाही. वही मात्र तिनं उघडून समोर ठेवली होती. दादीला वाचता येत नव्हतं.

मग आज काय करायचं?

माझी नोकरी लागली, पगार महिन्याला येऊ लागला, तेव्हा मीही पहिल्यांदा ‘महिन्याचा किराणा’ भरला. तेव्हा कळलं की हे किती सोपं आहे. समजा ५० ग्रॅम तेल दहा रुपयांना मिळतं. म्हणजे किलोमागे दोनशे रुपये. तेच पाच किलोचा डबा एकदम घेतला तर किलोमागे चाळीसएक रुपये वाचू शकतात. पण डबा घेण्यासाठी एका दिवशी हातात आठशे रुपये असावे लागतात. संध्याकाळी मजुरी घेऊन घरी येणाऱ्याजवळ ते नसतात. त्यामुळे ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच तेल महाग पडतं. इथे त्या घराचं नियोजन चुकलेलं नसतं. पैसे ज्या तुकड्यांत येतात त्याच तुकड्यांत खर्च होतात.

सरकारच्या २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत शहरी घरांचा अन्नावरचा वाटा सुमारे ३९ टक्के आणि ग्रामीण घरांचा सुमारे ४६ टक्के निघाला. शंभर वर्षांपूर्वीच्या ५६.८ टक्क्यांपासून आपण पुढे आलो आहोत, यात शंका नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. पण ही सरासरी आहे. त्या मुलीचं घर या सरासरीच्या पलीकडे कुठेतरी आहे.

हे सगळं वाचल्यावर मी माझ्या वहीत एक बदल केला. पूर्वी मी फक्त रुपये लिहायचे. आता प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने करते: किती आणलं आणि किती रुपये दिले. महिनाअखेरीला खर्च वाढलेला दिसला की मी तीन प्रश्न विचारते. माल जास्त आला का? तसं असेल तर घरात बसून बोलायचं, कुठे वाया जातंय ते पाहायचं. हा असगरीचा प्रश्न. माल तेवढाच आणि रुपये जास्त, असं आहे का? मग घरातल्या कुणाचाच दोष नाही, भाव वाढलाय. कोणती वस्तू बदलता येईल ते पाहायचं आणि जिथे बोलायचं तिथे बोलायचं. हा लाटणं मोर्चातल्या बायकांचा प्रश्न. आणि तिसरा, पैसा उशिरा किंवा कमी आला का? तर खरेदीचा काळ पैशाच्या काळाशी जुळवायचा. आठवड्याचे पैसे असतील तर बजेट आठवड्याचं करायचं, अम्मीसारखं. महिन्याच्या यादीचा हट्ट धरून मधला पंधरवडा उधारीवर काढण्यात शहाणपण नाही. हा गिरणगावाचा धडा.

हे तीन प्रश्न विचारायच्या आधी ‘हात सैल आहे’ असं कुणी म्हणू नये. ना सासूनं, ना नवऱ्यानं, ना मास्तरीणबाईनं.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिच्या यादीपुढे तिला दोन गोष्टी लिहायला सांगितल्या: रोज किती आणि तीस दिवसांचे किती. तिनं वर्गातच गुणाकार केला. तेलाचे तीनशे, चहाचे दीडशे. मग ती बाकीच्या मुलींच्या याद्या बघू लागली आणि म्हणाली, “मॅडम, हमको तो महंगा पड़ता है.” मी तिच्या वहीतले चार गुण खोडून नऊ केले. एक गुण कापला, कारण तिनं ‘मसूर’ ऱ्हस्व लिहिला होता.

पुढच्या सत्रात मी तो स्वाध्याय बदलला आहे. आता प्रश्न असा असतो: तुमच्या घरी किराणा रोजचा येतो, आठवड्याचा की महिन्याचा? का? उत्तरं वाचण्यासारखी येतात.

तुमच्या घरी आई-आजीची अशी एखादी जुनी वही असेल, उर्दूत, मोडीत किंवा मराठीत, तर रद्दीत घालू नका. जपून ठेवा. आमच्या अम्मीच्या वह्या आम्ही घर बदलताना टाकून दिल्या. मी इतिहास वाचू लागले तेव्हा त्या घरात नव्हत्या.